पांढऱ्या बर्फासाठी कॉम्प्युटर

"वेगळंच आलंय हं," बेव्ह नीमी म्हणाली.

आमच्या उत्तर मिनेसोटात हे शब्द कोणी सहजासहजी तोंडातून काढत नाही. मागे एका बाईंनी क्लबच्या जेवणाला आणलेल्या बटाट्याच्या हॉटडिशमध्ये, म्हणजे भट्टीत भाजायच्या खाऱ्या पदार्थात, अननस घातला होता, तेव्हा मी ते शेवटचे ऐकले होते. पुढच्याच वर्षी ते कुटुंब ॲरिझोनाला राहायला गेलं. हवा मानवत नव्हती म्हणून गेलो, असं ते अजून सांगतात.

बेव्ह आमच्या कर्लिंगच्या, म्हणजे बर्फावरून दगड सरकवायच्या खेळाच्या, क्लबची अध्यक्ष आणि मी, रॉडनी लाह्ती, क्लबचा फोटोग्राफर. हंगामातल्या पहिल्या सामन्याचा मी छापून आणलेला फोटो तिने हातभर लांब धरला, मग जवळ धरला, मग खिडकीशी नेला. काय वेगळं आलंय, असं मी विचारल्यावर म्हणाली, काही नाही रे, छान आहे, बर्फ अगदी... भरपूर दिसतोय. मग माझ्या कपात कॉफी ओतत तिने मान खाली घालूनच विचारलं, "तुझा कॉम्प्युटर बराच जुना असेल, नाही का?"

त्या प्रश्नात काय काय होतं ते मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मी फक्त कॉम्प्युटर ऐकला. कारण बर्फाच्या रंगाचं काहीतरी बिनसलंय हे मलाही दिसत होतं. पिवळट दिसायचा. क्लबने दिवे बदलले तेव्हापासून समोरचा खराखुरा बर्फही पिवळट दिसायला लागला होता, आणि माझ्या जुन्या पडद्यावर तर तो सरळ लोण्याच्या रंगाचा व्हायचा. मग मी तळघरात बसून त्याला पांढरा करायचो. बर्फ पांढरा असतो हे आमच्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही. अर्धं वर्ष तो अंगणातच पडलेला असतो.

मी इतका मनाला का लावून घेतो, असं माझी बायको लव्हॉन विचारते. त्याचं कारण माझे गुडघे. ग्रॅनाइटचा जड दगड बर्फावरून सरकत निघाला की त्याच्यापुढे झाडू घासत धावायचं, हे काम मी या क्लबात उभा जन्म केलं. मग एका हिवाळ्यात दोन्ही गुडघ्यांनी एकदमच राजीनामा दिला. न खेळणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी क्लबात एक टेबल आहे. ते दारापाशी आहे, तिथे वारा लागतो, आणि तिथे बसलेल्या माणसाला लोक तब्येत विचारतात. मला तिथे बसायचं नव्हतं. विमा कंपनीत असताना गारांनी पोचे पाडलेल्या गाड्यांचे फोटो काढण्यात माझी हयात गेली होती, म्हणून मी कॅमेरा उचलला. कॅमेरा गळ्यात असेपर्यंत मी बर्फाच्या कडेला उभा राहू शकत होतो. तो गेला की दारापाशी. आणि येत्या मार्चमध्ये क्लबला पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती. लांब भिंतीवर प्रत्येक संघाचा दारभर उंचीचा फोटो लागणार होता आणि ते काम माझ्याकडे होतं.

बेव्हला खोदून विचारायची सोय नव्हती. आमच्याकडे दुसऱ्याची चूक दाखवत नाहीत. आमच्या खेळातसुद्धा पंच नाही. धावताना आपला झाडू चुकून दगडाला लागला, तर आपणच थांबायचं, हात वर करायचा आणि "माझा लागला" म्हणायचं. साऱ्या जगाने पाहिलं असलं तरी जगाने गप्प राहायचं. आपण कबूल केलं की मग समोरचा कप्तान ठरवतो, दगड हलवायचा की आहे तिथे राहू द्यायचा. मला या रीतीचा फार अभिमान आहे. किंवा होता म्हणा.

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटल्यावर शेजारचा मार्व्ह झुपान, आमच्याच क्लबचा खेळाडू, न बोलावता आला. मार्व्ह खाणीत इलेक्ट्रिशियन होता, आणि निवृत्त झाल्यापासून आमच्या गल्लीत ज्याच्या घरी वीज आहे त्याला तो सल्ला देतो. तयार कॉम्प्युटर विकत घेणं म्हणजे दुसऱ्याने बांधलेल्या सॉनात, त्या फिनिश वाफेच्या न्हाणीत, आंघोळ करण्यासारखं आहे, असं त्याने सांगितलं. तो स्लोव्हेनियन आहे आणि मी फिनिश, त्यामुळे हे वाक्य त्याने मुद्दाम माझ्या वर्मावर बेतलं होतं. माझ्या आजोबांनी घराआधी सॉना बांधला होता. मी एकेक भाग निवडून स्वतः जोडायचं ठरवलं.

इथून पुढे मला माणसांची खरी ओळख झाली. कॅफेत सकाळी बसणाऱ्या मंडळींपैकी एकाचंही दुसऱ्याशी पटेना. कोणी म्हणे सगळा पैसा ग्राफिक कार्डात घाल. तुझे फोटो काय उड्या मारणार आहेत का, असं दुसरा म्हणे, रॅम घे, रॅम कधी वाया जात नाही. मार्व्हचा सगळा जीव एसएमपीएसवर. बाकी काहीही स्वस्तातलं घे, पण वीज देणारा डबा चांगला घे, असं तो हॉस्पिटलात भेटायला आल्यासारखा माझा हात हातात घेऊन सांगायचा. इंटरनेटवर वॉलआय माशाचं चित्र लावलेले एक गृहस्थ भेटले. मी त्यांना एक साधा प्रश्न विचारला, तर त्यांनी आधी मला अडाणी ठरवलं, मग तिसऱ्याच माणसाशी भांडण काढलं आणि शेवटी माझ्या प्रश्नाचं इतकं सुरेख उत्तर दिलं की मी ते छापून फ्रिजवर चिकटवलं.

खरं सांगायचं तर मला गोडी लागली. फोटो उघडताना नेमकं कोण काम करतं, प्रोसेसर किती आणि कार्ड किती? एकच फोटो रॅममध्ये इतकी जागा का खातो? पंखा आत वारा घेतो की बाहेर टाकतो, आणि दोन पंखे समोरासमोर लावले तर वारा कुठे जातो? या शेवटच्या प्रश्नासाठी मी उदबत्ती पेटवून जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये धूर सोडून पाहिला. लव्हॉन जिन्यातून वाकून पाहून गेली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको धूर कसला हे विचारत नाही, किती आहे ते पाहते.

माल आला तो ऐन जानेवारीत. कुरिअरवाल्याने खोकी ओसरीवर ठेवली आणि बाहेर थंडी अशी की नाकातला ओलावा गोठत होता. मार्व्हने खिडकीतून ते पाहिलं आणि नुसत्या सपाता घालून धावत आला. गार वस्तू एकदम उबेत उघडली तर तिला आतून घाम फुटतो, म्हणून दिवसभर खोक्याला हात लावायचा नाही, असा त्याचा हुकूम. मदरबोर्ड, कार्ड आणि रॅम स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीने ऊब घेत पडले. लव्हॉनने आम्हाला उभ्याने सूप दिलं. त्या दिवशी माझी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायची वेळ ठरली होती आणि ती मी पुढे ढकलली. हे मी उगाच मध्ये घातलं असं वाटेल, पण असू दे.

ऊब घेऊन झाल्यावर कळलं की प्रोसेसर मदरबोर्डवर बसत नाही. दोन्ही उत्तम, दोन्ही महाग, फक्त एकमेकांसाठी बनवलेले नाहीत. शिवाय बोर्डाचा एक कोपरा चेपलेला. मी तो परत करायला निघालो आणि दुकानाच्या तक्रार विभागात अडकलो. त्यांना नुकसानीचा फोटो हवा होता. मला मनातून हसू आलं. नुकसानीचा फोटो, आणि तो माझ्याकडून! मी नीट प्रकाश लावून, बाजूला पट्टी ठेवून, रंग साफ करून असा फोटो पाठवला की कोर्टात उभा राहिला असता. उत्तर आलं: फोटो फार निळा असल्यामुळे नुकसान ओळखता येत नाही, कृपया नैसर्गिक रंगातला फोटो पाठवावा.

मी ते पत्र लव्हॉनला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणालो, हा कुठला तरी पोरगा असेल, याने जन्मात गारा पाहिलेल्या नाहीत. लव्हॉन विणकाम करत होती. तिने टाके पुन्हा मोजले आणि म्हणाली की हं, असतील ते पोरगेलेसे. शेवटी तिनेच आपल्या फोनवर एक फोटो काढून पाठवला आणि तो लगेच मंजूर झाला. माझा अपमान मी दोन दिवस तळघरात बसून सोसला.

दुसरा बोर्ड आला आणि जोडणीचा शनिवार उजाडला. तळघरात गालिचा आहे आणि हिवाळ्यात घराची हवा इतकी सुकी असते की लोकरीचे मोजे घालून चार पावलं चाललं की दाराच्या मुठीला ठिणगी उडते. एक ठिणगी आणि सगळं मेलं, असं मार्व्हने बजावलं. मोजे काढून काम करावं हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. मार्व्हने तांब्याची तार आणली, एक टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं, दुसरं तळघरातल्याच आमच्या सॉनाच्या पाण्याच्या नळाला पक्कं पिळलं, आणि पक्कड आणायला म्हणून घरी गेला. तिथे त्याच्या बायकोने पोटीत्सा, म्हणजे अक्रोड गुंडाळलेला त्यांचा गोड पाव, भट्टीतून काढला होता, तेव्हा तो थोडा रेंगाळला. एका हाताने मला तार सुटेना. आणि शनिवार म्हणजे सॉनाचा दिवस. लव्हॉनची बहीण आणि तिचा नवरा टॉवेल गुंडाळून खाली आले, नळाला बांधलेल्या माझ्याकडे पाहिलं, 'काय रॉड, थंडी आहे हो' असं म्हणाले आणि माझ्या पायांवरून ओलांडून आत गेले. कोणीही काहीही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, सोडवून घेता आलं असतं.

पण कॉम्प्युटर जोडला गेला. बटण दाबल्यावर चालू झाला नाही, कारण एसएमपीएसच्या पाठीमागचा खटका बंद होता. मार्व्हला ते लगेच कळलं होतं. मला स्वतःला सापडावं म्हणून तो तासभर छताकडे पाहत बसला होता. मग पंखे फिरले, नवा पडदा उजळला आणि मी पहिला फोटो उघडला.

बर्फ पिवळा होता.

पूर्वी नुसता पिवळा होता, आता लख्ख, कणाकणाने स्पष्ट असा पिवळा होता. पडद्याचे रंग तपासणारं एक उपकरण मिळतं, ते पडद्यावर कोळ्यासारखं चिकटवून ठेवायचं. मी तेही मागवलं. त्याने पाच मिनिटं विचार करून सांगितलं की पडद्यात काही दोष नाही. मी ते सदोष म्हणून परत केलं. मग माझ्या अनुभवावर विसंबून एकेका संघाचा बर्फ एकेक रात्र बसून पांढरा केला. मार्व्हला बोलावून दाखवलं. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला की रंग आहे, रंगाला काही कमी नाही. लव्हॉन म्हणाली, "तुला हवा तसा आला ना? मग झालं तर." मी सगळे फोटो मोठ्या छपाईला पाठवून दिले. छापून आले ते गुंडाळ्या उघडून पाहिले, बर्फ अगदी दुधासारखा. बेव्हच्या हवाली केले. ती म्हणाली, "अरे वा. मोठेच आलेत."

फेब्रुवारीत माझा वाढदिवस असतो आणि यंदा त्याच दिवशी गाडी चालवायच्या परवान्याची मुदत संपत होती. परवान्याच्या कचेरीत नव्या बाई होत्या, बोलण्यावरून दक्षिणेकडच्या वाटत होत्या. त्यांनी मला डोळे तपासायच्या यंत्रात पाहून खालची ओळ वाचायला सांगितली. मी पाहिलं आणि माझ्यातला जाणकार जागा झाला. मी त्यांना समजावलं की तुमच्या यंत्राचा दिवा पिवळा पडलाय, पांढऱ्याचा तोल गेलाय, अक्षरांच्या कडा पसरल्यात, आणि हे दुरुस्त करायचं एक उपकरण मिळतं, मात्र ते कोळ्यासारखं दिसणारं घेऊ नका. माझ्यामागे रांग होती. रांगेतले सगळे आमच्या गावचे, त्यामुळे सगळे आपापल्या बुटांकडे पाहत होते.

बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सकाळपासून सगळ्यांनी ही ओळ वाचलीय, सर. यंत्र बरं आहे. पिवळं तुमच्या डोळ्यांत आहे. डॉक्टरला दाखवा आणि आज गाडी दुसऱ्या कोणाला चालवू द्या."

कित्येक महिन्यांत माझ्याशी कोणी इतकं सरळ बोललं नव्हतं. मला राग यायला हवा होता, पण माझ्या डोक्यात पडदा, दिवे, तो तक्रार विभागातला पोरगा आणि बिचारा कोळी हे एकामागून एक येऊन बसत गेले.

लव्हॉनने गाडी चालवली. अर्ध्या वाटेत मी विचारलं, "फोटो निळे आहेत?"

"हो."

"किती?"

तिने वळणावर नीट दोन्हीकडे पाहिलं. "बेव्ह त्यात बुडून मेल्यासारखी दिसते."

"आणि तू बोलली नाहीस."

"मला काय माहीत डोळे आहेत ते. मला वाटलं, कला असेल." थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "डॉक्टरची वेळ मी दरवेळी घेऊन दिली, रॉड. तू दरवेळी कुठलं तरी खोकं उघडत होतास."

त्याच आठवड्यात तिने मला डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. डॉक्टरीणबाईंनी खुलासा केला की आतलं भिंग हळूहळू पिवळं होत जातं, आणि हळूहळू होतं म्हणून माणसाला वाटतं की जगच पिवळं होतंय. एकेक करून दोन्ही भिंगं बदलायची. मला मोठं कुतूहल वाटलं. भिंग कशाचं असतं, कोण बनवतं, प्रत्येकाला निराळं लागतं का, बसवलेलं बसलं नाही तर काय करता? त्या म्हणाल्या, तुम्ही ते स्वतः बसवायचा विचार तर करत नाही ना?

उजव्या डोळ्यावरची पट्टी निघाली ती वर्धापनदिनाच्या आदल्या दिवशी. स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या आहेत हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना साय-रंगाच्या समजत होतो. लव्हॉनचे डोळे इतके निळे आहेत हे मी विसरलो होतो, आणि ते तिला म्हटलं तर तिला रडू आलं आणि मलाही आलं. मग मी खाली गेलो आणि कॉम्प्युटर चालू केला. डावा डोळा मिटला. पडद्यावर आमचा सगळा क्लब थंडीने गोठून गेलेला उभा होता. ओठ जांभळे, दात निळे, मार्व्हच्या टकलावर आभाळ उतरलेलं. उजवा मिटून डावा उघडला, तर सगळे ठणठणीत. मी बराच वेळ एक डोळा उघडत आणि एक मिटत बसलो. कॉम्प्युटर मात्र झकास चालत होता, हे नमूद केलं पाहिजे. एवढा निळा रंग इतक्या वेगाने मला कुठेच दिसला नसता.

दुसऱ्या संध्याकाळी सगळं गाव क्लबात जमलं होतं. लांब भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी माणसं टांगलेली, आणि त्यांच्याखाली तीच माणसं, गुलाबी गालांची, हातात बशा घेऊन, भिंतीकडे पाठ करून उभी. मी आत आलो तसे सगळे हवेबद्दल बोलायला लागले. दारापाशचं टेबल रिकामं होतं आणि तिथली एक खुर्ची थोडी मागे सरकवलेली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं की गुपचूप जाऊन बसावं, कोणी काही म्हणणार नाही, कधीच म्हणणार नाही.

मी भिंतीसमोर जाऊन उभा राहिलो आणि हात वर केला.

"माझा लागला," मी म्हणालो. "सगळ्या भिंतीला."

आमच्याकडे असा हात वर झाला की पुढे काय करायचं ते लहान पोरालाही ठाऊक असतं. सगळ्यांनी बेव्हकडे पाहिलं. बेव्हने बशी खाली ठेवली. भिंतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती सावकाश चालत गेली, स्वतःच्या फोटोपुढे जरा जास्त थांबली आणि परत आली.

"राहू दे आहे तिथे," ती म्हणाली. "पुढच्या हंगामाचे तू दोन्ही डोळ्यांनी काढ."

मग एकदम बोलायला सुरुवात झाली. मार्व्हच्या बायकोने सांगितलं की तिने फोटो पाहून मार्व्हला हृदयाच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. मार्व्ह म्हणाला, पण मी त्यात बारीक दिसतो. कोणीतरी माझ्या हातात कॉफी दिली, कोणीतरी गळ्यात कॅमेरा अडकवला. मी बर्फाच्या कडेला गेलो. दिवे लागले होते. बर्फ पांढरा होता, दगडांच्या वाटांनी जरासा खरवडलेला, आणि त्यात कुठे कुठे, फार थोडा, निळा होता.

बेव्ह शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हणालो, सगळं कबूल, पण इतक्या महिन्यांत एकदा तरी स्पष्ट सांगायचं होतंस.

"आता बघ," ती म्हणाली. तिला खरंच लागलं होतं. "पहिल्याच दिवशी वेगळंच आलंय म्हणाले ना मी? याहून तोडून कसं बोलायचं माणसाला?"